इंगळेनं मोकळं केलेलं नेट

सकाळची पीटी सुटत होती तेव्हा हुकूम आला. एड टू सिव्हिल अथॉरिटी, जिल्हे अकोला आणि अमरावती. पूरमदत. सिग्नलची एक डिटॅचमेंट म्हणजे छोटी तुकडी, सोबत वायरलेस सेट, अँटेनाचे मास्ट, बॅटऱ्या, जनरेटर. दुपारी बाराला निघायचं. कमांडर मेजर साहेब, केरळचे. त्यांच्या हाताखाली जेसीओ म्हणून मी, नायब सुभेदार गावंडे.

मी तेल्हारा तालुक्यातला. आयुष्यभर बर्फात राहिलो, वाळूत राहिलो, पण मूव्हमेंट ऑर्डरवर आपल्याच जिल्ह्याचं नाव कधी वाचलं नव्हतं. डिटॅचमेंटमध्ये आणखी एक वऱ्हाडी होता. हवालदार इंगळे, दर्यापूरजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील शाळामास्तर होते, ते वारले होते. घरी आई, बायको आणि एक मुलगी.

या आठवणी इंगळेबद्दलच्या आहेत. तो चिखलदऱ्याला ड्यूटीवर गेला आणि तिथेच वारला. हे आधीच सांगून टाकतो. गोष्टीला रंगत यावी म्हणून माणसाचं मरण मागे दडवून ठेवणं मला जमत नाही.

गाडीत इंगळे माझ्या शेजारी बसला होता. युनिटमध्ये आम्ही हिंदीत बोलायचो, पण दोघंच असलो की वऱ्हाडी सुटायची.

"साहेब, घरी फोन लागला काय तुमचा?" त्यानं विचारलं.

"नाही. टॉवर बंद दिसून रायले."

"माहाबी नाई लागून रायला. आपण लोकायचे फोन जोडाले चाललो आन् आपलाच लागेना."

तो हसला. इंगळे फार हसायचा. हसताना त्याचे खांदे हलायचे आणि आवाज मात्र यायचा नाही. ऑपरेटर माणसाला बोलायची खोड नसावी, असं त्याचं म्हणणं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस त्यानं कधी सेटवर बसू दिला नाही.

अकोल्यात आम्ही एका सरकारी गोदामात कंट्रोल, म्हणजे वायरलेसचं मुख्य ठाणं, उघडलं. परिस्थिती अशी होती. मेळघाटच्या डोंगरात पाऊस थांबत नव्हता आणि ते सगळं पाणी खाली सपाटीवर येत होतं. पूर्णेनं काठ सोडला होता. काळी माती भिजली की काय होते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. सडकेवरून खाली उतरलेली गाडी तिथेच बसते, माणसाच्या बुटाला पायलीभर माती चिकटते. वीज गेलेली. मोबाइलच्या टॉवरच्या बॅटऱ्या संपलेल्या, डिझेल पोहोचत नव्हतं. पूर आलेल्या गावात कोण कुठे अडकलं आहे हे कळायला वायरलेसशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

वायरलेस होते, आणि भरपूर होते. हीच अडचण होती. आमचे सेट, पोलिसांचे, होमगार्डचे, तहसीलचे, बोटींवरचे, काही हौशी मंडळींचे. कोणीतरी सगळ्यांना एकच फ्रीक्वेन्सी देऊन ठेवली होती, म्हणजे सगळ्यांना सगळं कळेल. ऐकायला छान वाटतं. पण वायरलेसवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही वाया जातं आणि कानात नुसता खरखराट येतो. मग दोघंही पुन्हा दाबतात, पुन्हा एकदम. विहीर मोठी असली तरी दोर एकच असेल तर काय होणार?

पहिल्या दिवशी नेटवर, म्हणजे सगळ्या सेटांच्या त्या जाळ्यावर, मी जे ऐकलं ते मला आजही आठवतं. "हॅलो हॅलो, राम राम भाऊ, आवाज येऊन रायला काय?" "येऊन रायला ना. तुमचा?" "आमचाबी येऊन रायला." "जेवण झालं काय?" आणि याच्या खाली, दबलेल्या आवाजात, एक बोट सांगायचा प्रयत्न करत होती की तिच्याजवळचं पेट्रोल संपत आलं आहे. तिचं कोणाला ऐकूच गेलं नाही. ती बोट बाभळीला बांधून माणसं बसून राहिली.

इंगळेनं हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले.

"साहेब, हे नेट नाई, लग्नातली पंगत हाय," तो म्हणाला. "वाढणारा एक आन् हाका मारणारे शंभर."

"मग काय करायचं?"

"मले एक रात द्या."

मेजर साहेबांनी त्याला वेळ दिला. त्यानं काय केलं ते साध्या शब्दांत सांगतो, कारण मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला ते कळण्यासारखं आहे.

आधी त्यानं नेट फोडलं. बोटींना वेगळा चॅनेल, गाड्यांना वेगळा, आणि तालुक्यांनी कंट्रोलशी बोलायचा वेगळा. मग बोटींच्या सेटची पॉवर कमी केली. हे ऐकून तहसीलचे साहेब भडकले. पूर आला आहे आणि तुम्ही आवाज कमी करता? इंगळेनं त्यांना शांतपणे समजावलं. दर्यापूरच्या बोटीला तेल्हाऱ्याच्या बोटीशी काही देणंघेणं नाही. दोघी आपापल्या भागात हळू बोलल्या तर एकाच चॅनेलवर दोन्हीकडे काम चालतं. ओरडून बोलल्या की एकमेकींच्या कानात बोलतात. साहेबांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण ते गेले.

मग त्यानं कॉल साइन काढून टाकले. लष्करात आम्ही खरं नाव घेत नाही, सांकेतिक नाव घेतो. होमगार्डच्या लोकांचा त्यात गोंधळ व्हायचा.

"आपण काही दुश्मनाशी नाई लढून रायलो साहेब," इंगळे मला म्हणाला. "पाण्याशी लढून रायलो. पाण्याले काय कोड समजते? दर्यापूरले दर्यापूरच म्हना."

तालुक्यांसाठी रिले स्टेशन हवं होतं. त्याची जागा त्यानंच काढली, चिखलदऱ्याच्या पठाराच्या कडेला. तिथून एका बाजूला दर्यापूर, दुसऱ्या बाजूला तेल्हारा, खाली अकोला आणि पलीकडे अमरावती, सगळी सपाटी मोकळी पडलेली आहे. रिले म्हणजे दोन सेट एकमेकांना जोडलेले. एक ऐकतो आणि दुसरा तेच त्या क्षणी पुढे सोडतो. एकदा नीट लावलं की माणसानं मध्ये बोलायची गरज नसते. माणसाचं काम एवढंच की बॅटऱ्या चार्ज राहिल्या पाहिजेत आणि त्यासाठी जनरेटर चालू राहिला पाहिजे.

शेवटचा बदल होता रोल कॉलचा. जे घडलं ते याच बदलाशी जोडलेलं आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

लष्करी नेटवर कंट्रोल दर तासाला प्रत्येक स्टेशनला हाक मारतं. स्टेशन उत्तर देतं, सिग्नल कसा, बॅटरी किती, सर्व ठीक. चार सेट असतील तर दोन मिनिटांचं काम. इथे तीसेक स्टेशनं होती आणि त्यातली निम्मी नवखी. एक हजेरी संपेपर्यंत तासातला मोठा भाग निघून जायचा. तेवढा वेळ ज्याला खरंच काही सांगायचं आहे तो ताटकळत बसायचा.

इंगळे मेजर साहेबांसमोर सावधान उभा राहिला. "सर, रोल कॉल बंद कर दें. जिसको काम है वही बोले. जो चुप है, वो ठीक है."

मेजर साहेबांनी विचारलं, "और चुप आदमी मर गया हो तो?"

"सर, हर स्टेशन पर दो आदमी हैं. एक को कुछ हुआ तो दूसरा बोलेगा."

मेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ठीक है सर." कारण ते ठीकच होतं. मी आजही त्या खोलीत उभा असतो तर हेच म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवसापासून नेट ओळखू येईना. नऊ वाजता तेल्हाऱ्यानं डॉक्टर मागितला, लगेच उत्तर गेलं. साडेनऊला दर्यापूरनं दोर मागितले, निघाले. मध्ये शांतता. इतकी शांतता की एक होमगार्ड मला विचारायला आला, "साहेब, मशीन बंद पडली काय?" मी म्हणालो, "बंद नाही पडली रे, आता कुठं चालू झाली." पुढच्या दोन दिवसांत आमच्या बोटींनी जेवढी माणसं काढली तेवढी आधी निघत नव्हती. बोटी त्याच होत्या, माणसं तीच होती. निरोप वेळेवर पोहोचू लागले एवढाच फरक होता.

रिलेवर आधी दुसरी जोडी होती. त्यातला एक तापानं फणफणला, म्हणून इंगळे स्वतः वर गेला. सोबत लान्स नायक बलदेव, हिमाचलचा. निघताना मी त्याला म्हणालो, "तू इथं कंट्रोलवर पाहिजेस, वर कोणालाबी पाठवता येते."

"सेट मी लावले साहेब, त्यायचं दुखलंखुपलं मलेच समजन. आन् वरून माहं गाव दिसते म्हनतात. पायतो, घर पाण्यात हाय का वर."

गाव एवढ्या लांबून दिसत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

तो वर गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला त्याचा आवाज आला. "कंट्रोल, रिले. पेट्रोल कम है. नीचे घाट में रास्ता टूटा है, गाडी वहीं रुकी है. बलदेव पैदल जा रहा है, जेरीकॅन लाने. ओव्हर."

मी विचारलं, "तू अकेला रहेगा? ओव्हर."

"थोडी देर की बात है. ओव्हर."

"रॉजर. आउट."

आमच्यातलं हे शेवटचं बोलणं. दोन माणसांच्या भरवशावर जो नियम केला होता, त्यातला एक माणूस त्या सकाळी घाट उतरून गेला. नियम करणाऱ्यालाही ते ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यालाही. पण आमच्या दोघांच्या डोक्यात पेट्रोल होतं, आणि पेट्रोल संपलं तर दोन जिल्ह्यांचं नेट पडतं, हे होतं.

त्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त होतं. पूर्णेकाठच्या एका गावात लोक शाळेच्या गच्चीवर चढले होते. बायका, म्हातारी माणसं, दोन शेळ्या. आमची एक लहान बोट तिथे होती. बारा वाजून गेल्यावर तिचा नायक तेल्हाऱ्याला बोलला आणि तेल्हारा रिलेवर आलं.

"कंट्रोल, तेल्हारा. शाळेची भिंत फुगली आहे. एका बोटीनं होणार नाही. मोठी बोट पाहिजे. आत्ता."

मोठी बोट दर्यापूरकडे होती. मी बटण दाबण्याआधी दर्यापूरच बोललं, "तेल्हारा, दर्यापूर. ऐकलं. बोट सोडली. प्रवाहाबरोबर येते."

बास. मला मध्ये तोंड घालावं लागलं नाही. एका तालुक्यानं हाक मारली आणि दुसऱ्यानं ओ दिली. दोन्ही आवाज चिखलदऱ्यावरून, इंगळेच्या सेटमधून गेले. मोठी बोट पोहोचली. गच्चीवरचा शेवटचा म्हातारा बोटीत येत नव्हता, शेळ्या आधी घ्या म्हणून अडून बसला होता. शेळ्या घेतल्या, तेव्हा तो आला. बोट शंभरेक हात गेली असेल नसेल, भिंत बसली. हा सगळा निरोप येत असताना गोदामात आम्ही उभे राहूनच ऐकत होतो. शेवटी मेजर साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ते खुर्चीत बसले.

मला राहवलं नाही. कामाशिवाय नेटवर बोलायचं नाही हा इंगळेचाच नियम, पण मी बटण दाबलं.

"रिले, कंट्रोल. इंगळे, आज नेट फर्स्ट क्लास आहे. शाब्बास. ओव्हर."

उत्तर आलं नाही.

मी मेजर साहेबांकडे बघून हसलो. "शिस्तीचा माणूस आहे सर. फालतू बोलण्याला उत्तर देणार नाही." तेही हसले. आम्ही चहा मागवला.

नेट दुपारभर चाललं. एकही निरोप अडला नाही. तीनच्या पुढे एकदम सगळं गप्प झालं. ही शांतता निराळी होती, ऑपरेटरच्या कानाला ती कळते. मी तेल्हाऱ्याला हाक मारली, नाही. दर्यापूर, नाही. रिले, नाही. मला राग आला, हे खरं सांगतो. पेट्रोल संपायच्या आधी कळवायला काय झालं होतं, असं मी मोठ्यानं म्हणालो. शिपायांनी मास्ट वाढवला. दर्यापूर एका ट्रकवरच्या सेटवरून कसंबसं ऐकू येऊ लागलं. बोटी तोपर्यंत काठाला लागल्या होत्या.

साडेचारला रिले परत आला. आवाज बलदेवचा होता.

"कंट्रोल, रिले. नेट चालू है. ओव्हर."

"बलदेव, इंगळे किधर है? ओव्हर."

तो म्हणाला, "इंगळे नहीं रहे, साहब." आणि ओव्हर म्हणायचं विसरला.

रिलेचं काम सगळ्यांना सगळं ऐकवायचं. ते त्यानं केलं. तेल्हाऱ्यानं ऐकलं, दर्यापूरनं ऐकलं, अमरावतीनं ऐकलं. मी हेडफोन काढले. बाहेर जाऊन मी गोदामाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि रडलो. मेजर साहेब मागून आले, पण त्यांनी मला आत बोलावलं नाही.

काय झालं ते नंतर जागेवरच्या गोष्टींवरून जुळवलं. रिले वनचौकीच्या जुन्या दोन खोल्यांत होता. जनरेटर बाहेर पत्र्याखाली असायचा. बलदेव गेल्यावर वारा फिरला आणि पाऊस आडवा येऊ लागला. जनरेटरमध्ये पाणी जाऊन तो बंद पडत असावा. इंगळेनं तो ओढून पुढच्या खोलीत घेतला. बंद खोलीत जनरेटर चालवायचा नाही, हे आमच्या रिक्रूटलाही माहीत असतं. इंगळे ते पोरांना शिकवायचा. त्यानं सेट असलेल्या मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवली असणार, कारण खिडकीखालची जमीन ओली होती आणि सेटच्या एका बाजूवरही पाणी होतं. मग त्यानं सेट भिजू नयेत म्हणून खिडकीवर पाणी न लागणारी ग्राउंडशीट बांधली. गाठी व्यवस्थित होत्या. जनरेटरच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणसाला जरा जड वाटतं, झोप आल्यासारखं वाटतं, एवढंच. तो भिंतीला टेकून बसलेला सापडला. हँडसेट हुकला लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, दुपार व्हायच्या आधीच गेला असावा.

म्हणजे शाळेची भिंत फुगल्याचा निरोप त्याच्या सेटमधून गेला तेव्हा तो त्या खोलीत होता, पण नव्हता. मी शाब्बास म्हणालो तेव्हाही. त्यानंतर जनरेटर टाकीतल्या पेट्रोलवर चालला, मग नुसत्या बॅटऱ्यांवर सेट चालले, आणि आम्ही सगळे त्याच्यावरून बोलत राहिलो.

बलदेवला तुटलेल्या घाटात दिवस लागला होता. त्यानं आधी दारं उघडली, इंगळेला बाहेर काढलं, जे शिकवलं होतं ते सगळं करून पाहिलं. मग जनरेटर बाहेर ओढला, पेट्रोल ओतलं, नेट उभं केलं, आणि मगच बोलला. मी त्याच्या जागी असतो तर माझ्याकडून नेट उभं झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

चौकशी झाली. दोष कोणाचा निघाला नाही. रोल कॉल बंद करण्याचा निर्णय परिस्थितीला धरून होता. पेट्रोलसाठी माणूस पाठवणं आवश्यक होतं. हवालदार इंगळेनं कर्तव्य बजावताना प्राण दिले. प्रत्येक वाक्य खरं आहे. कोणाची चूक असती तर मला त्याच्यावर रागावता आलं असतं, स्वतःवरसुद्धा. पण आम्ही सगळे बरोबर होतो, आणि बरोबर असलेल्या माणसांना हळहळण्याशिवाय काही करता येत नाही.

आता मी निवृत्त आहे, अकोल्यात राहतो. एका पुतण्याची नोकरी मोबाइल टॉवरच्या कामातली आहे. लाखो फोन, हजारो टॉवर, आणि सगळ्यांना एकाच वेळी बोलायचं. आमच्या गोदामातली पंगत, फक्त फार मोठी. त्यानं मला सांगितलं की फोन खिशात पडून असला तरी अधूनमधून टॉवरला कळवत असतो, मी इथे आहे. त्या बोलण्यात काही निरोप नसतो. नुसती हजेरी. अशा हजेऱ्यांनी हवा भरून जाते, म्हणून त्या कशा कमी करता येतील यावर मोठमोठी माणसं डोकं लावतात. मी त्याला म्हणालो, बरोबर करता. कमी करा. पण एकदम बंद करू नका. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं नाही. तरुण माणूस आहे, जेवायला बसला होता.

त्या पुरातच इंगळेला आम्ही त्याच्या गावी नेलं. रस्ता खचला होता, शेवटचा टप्पा बोटीतून. ज्या मोठ्या बोटीनं शाळेवरची माणसं काढली तीच बोट होती. दुसरी मोठी बोट नव्हतीच. गाव उंचवट्यावर होतं, पाणी घरांपर्यंत पोहोचलं नव्हतं. विहाराच्या अंगणात लोक जमले होते, पांढरे कपडे घालून. त्रिशरण, पंचशील झालं. आमच्या जवानांनी सलामी दिली. त्याची मुलगी फैरीच्या आवाजानं दचकली आणि आईच्या पदराला चिकटली.

संध्याकाळी मी त्याच्या घरी बसलो होतो. मेजर साहेब बाहेर गावकऱ्यांशी बोलत होते. इंगळेच्या आईनं मला पाणी दिलं आणि समोर खाली बसली. तिनं रडून घेतलं होतं. मी तिला शाळेची, गच्चीवरच्या माणसांची, मोठ्या बोटीची हकिकत सांगितली. तुमच्या मुलामुळे ती माणसं वाचली, असं म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "मले एक सांगा साहेब. येवढे लोक त्याच्या मशीनीतून बोलत होते म्हनता. मंग दिवसभरात त्याले कोनीच नाई इचारलं काय, का बापा, तू कसा हायस?"

मी म्हणालो, "इचारलं नाही, माय. शाब्बास म्हटलं होतं मी त्याले. त्यानं उत्तर नाही दिलं."

"मंग?"

"मंग मले वाटलं, कामात असन."

तिनं मान हलवली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "आमीबी असंच करो. तो फौजेत गेला तवापासून. फोन नाई आला, का समजाचं, पोरगं कामात हाय."